जोडउड्डाण नावाची वंचना

मुंबईला दुसरा विमानतळ झाला, आता ती लंडन, पॅरिस आणि टोकियो यांच्या पंक्तीला जाऊन बसली, असा आनंदोद्गार २०२५ सालच्या डिसेंबरापासून अनेकांच्या मुखातून ऐकावयास मिळाला. आमच्या हैदराबादेतील मराठी मंडळींच्या एका सायंकालीन बैठकीत तर एका विद्वान स्नेह्यांनी या विषयावर अर्धा तास मोठे सुरस विवेचन केले. दोन विमानतळ असणे हे महानगराचे लक्षण होय, एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडणे ही आधुनिक प्रवासाची सामान्य रीत होय, आणि ज्याला हे जमत नाही त्याने घरी बसावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा एकूण रोख होता. शेवटी ते म्हणाले की, जोडउड्डाण चुकणे हा बहुधा प्रवाशाच्या अडाणीपणाचा दंड असतो. त्याच वेळी उत्तर द्यावयास हवे होते. परंतु तेवढ्यात चहा आला आणि संभाषण पावसाकडे वळले. ते राहून गेलेले उत्तर येथे देत आहे. स्नेह्यांचा लोभ कायम राहील अशी आशा आहे. न राहिल्यास निरुपाय आहे.

प्रथम त्यांनी ज्याला अडाणी म्हटले त्या प्रवाशाची ओळख करून देतो. तो माझा वडील बंधू. वय अडुसष्ट, आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेले, आणि छापील कागदाचा प्रत्येक शब्द वाचण्याची त्याची खोड आमच्या घरात प्रसिद्ध. त्याची कन्या नैरोबीस असते. तिचे बाळंतपण जवळ आले म्हणून तो आणि वहिनी निघाले. हैदराबादेहून नैरोबीस जावयाचे तर वाटेत कोठे तरी विमान बदलावे लागते. त्यांनी मुंबई निवडली, कारण भाषा आपली, माणसे आपली. पुतण्याने तिकिटे घेतली. तिकिटे विकणाऱ्याने पडद्यावर जो आराखडा दाखविला त्यात प्रवास एक होता, किंमत एक होती, आणि मध्ये लिहिले होते : बदल एक, मुंबई, साडेचार तास. साडेचार तास पुष्कळ झाले, असे कोणीही म्हणेल. वहिनींनी तर तेवढ्या वेळात मुंबईच्या मावशींना विमानतळावर बोलावून घेता येईल की काय, याचा विचार चालविला होता.

पहिले विमान पन्नास मिनिटे उशिरा आले आणि ते नव्या मुंबईत उतरले. दुसरे विमान सहारहून सुटावयाचे होते. सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत आणि मोटार मिळेपर्यंत आणखी पन्नास मिनिटे गेली. मग वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला. ज्यांनी ही वाट सायंकाळी कापली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. दोन तासांनी ते सहारला पोहोचले तेव्हा विमान सुटण्यास पन्नास मिनिटे अवकाश होता, आणि सामान घेण्याची खिडकी साठ मिनिटे आधीच बंद होत असते. दहा मिनिटांनी नैरोबी हुकली.

पुढचा संवाद मी बंधूंच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. पहिल्या विमान कंपनीचे म्हणणे : आम्ही तुम्हांस मुंबईस आणून सोडले, आमचे काम संपले. दुसरीचे म्हणणे : तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुमचे तिकीट संपले. विकणाऱ्याचे म्हणणे : आराखड्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, ही दोन स्वतंत्र तिकिटे आहेत आणि मधला बदल प्रवाशाने स्वतःच्या जबाबदारीवर करावयाचा आहे. तिघेही कायद्याला धरून बोलत होते, आणि बोलण्यात तिघांपैकी एकानेही उद्धटपणा केला नाही हेही नमूद करतो. दुसऱ्या दिवशी जागा मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मिळाली, दुप्पट पैसे मोजून. तोवर अंधेरीच्या एका निवासगृहात वहिनी दूरध्वनीशी बसून होत्या, आणि नातीचा जन्म त्यांनी त्या यंत्रातून ऐकला.

आता 'जोडउड्डाण' या शब्दाकडे वळू. जोड म्हणजे दोन वस्तूंना एकत्र धरणारी तिसरी वस्तू. सुतार दोन फळ्या शेजारी ठेवून जोड झाली असे म्हणत नाही. तो खाच पाडतो, कूस घालतो, सरस लावतो. विमानप्रवासात ती कूस म्हणजे तीन गोष्टी : सामान एका विमानातून दुसऱ्यात जाणे, मागच्या विमानाच्या उशिराची जबाबदारी कोणी तरी घेणे, आणि दोहोंमधील अंतर इतके असणे की ते प्रवाशाच्या पायांनी किंवा विमानतळाच्या गाडीने ठरलेल्या वेळात कापता यावे. या तिसऱ्या गोष्टीसाठीच प्रत्येक विमानतळावर 'किमान जोडकाल' ठरविलेला असतो. त्याहून कमी अंतराची विमाने एका तिकिटावर जोडून विकू नयेत असा त्याचा अर्थ. या तीनही गोष्टी काढून घेतल्या आणि मध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटरचे महानगर घातले, तर उरते ते काय? एक उड्डाण, एक मोटारप्रवास आणि दुसरे उड्डाण. त्याला जोड म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे, आणि जेथे भाषेची फसवणूक होते तेथे पैशाची फसवणूक फार लांब नसते.

बदल ही गोष्ट हैदराबादच्या जुन्या मराठी माणसाला नवी आहे असे कोणी समजू नये. आम्ही मनमाडला गाडी बदलण्यातच वाढलो. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातील अरुंद रूळ गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला येऊन थांबले आणि तेथून पुढे मुंबईकडे रुंद रूळ होते. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद होईपर्यंत काचीगुड्याहून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाने अपरात्री मनमाडच्या फलाटावर वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि झोपेने पेंगणारी मुले यांची मोजदाद केलेली आहे. तो बदल सुखाचा होता असे मी म्हणत नाही. माझी एक धाकटी बहीण तेथे एकदा पाऊण तास हरवली होती. परंतु तो एकाच स्थानकावर होता. तिकीट थेट होते. मागची गाडी उशिरा आली तर तो दोष रेल्वेचा आहे, प्रवाशाचा नव्हे, हे फलाटावरच्या हमालापासून स्टेशनमास्तरापर्यंत सर्वांस मान्य होते. आणि हे केवळ गतकाळाचे गोडवे आहेत असे वाटू नये म्हणून अलीकडची गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय रेल्वेने दोन स्वतंत्र आरक्षणे एकमेकांस जोडण्याची सोय केली. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कोणतीही कपात न करता परत मिळतात. ज्या रेल्वेला आपण उठता बसता नावे ठेवतो तिला जे सुचले, ते विमानांच्या व्यापाऱ्यांना सुचू नये हा बुद्धीचा प्रश्न असू शकत नाही.

स्नेही म्हणतील की, मग काय मुंबईने दुसरा विमानतळ बांधावयासच नको होता? हा माझा पक्ष नव्हे, आणि तो माझ्या माथी मारू नये. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळे दोन असून एकीचेच काम होते. त्या एवढ्याशा जागेवरून वर्षाकाठी पाच कोटींहून अधिक माणसे जा-ये करीत आली आहेत. भोवती डोंगर, नदी आणि घरांची अशी दाटी की हातभर जागा वाढवावयाची तर हजारो संसार उठवावे लागतील. नव्या मुंबईचा विमानतळ अवश्य हवा होता. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याची पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी पहिली प्रवासी विमाने उडाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावे आपल्या जागेवरून उठली. आगरी-कोळी कुटुंबांनी दिलेली ही किंमत पाहता त्या विमानतळाचा उत्तम उपयोग व्हावा असे मलाही वाटते. पनवेल, रायगड, पुणे या बाजूच्या लोकांना तो वरदानच आहे. ज्याचा प्रवास मुंबईतच संपतो किंवा मुंबईतूनच सुरू होतो, त्याला दोन दारे मिळाली तर त्याची सोयच झाली.

माझे भांडण आहे ते ज्याला घरात यावयाचेच नाही, केवळ अंगणातून पुढे जावयाचे आहे, त्याला एका दारात उतरवून दुसऱ्या दारापर्यंत शहराची प्रदक्षिणा घालावयास लावण्याशी. दोन प्रवाशांतील हा भेद स्नेह्यांच्या अर्ध्या तासाच्या विवेचनात एकदाही आला नाही. मुंबईच्या माणसाला तो सुचू नये हे समजण्याजोगे आहे. त्याची मुंबई हे गन्तव्य असते. परंतु बृहन्महाराष्ट्रातील आपणा लोकांसाठी, म्हणजे इंदूर, रायपूर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद येथे घरे करून राहिलेल्यांसाठी, मुंबई हे पुष्कळदा मधले स्थानक असते. मुलगी परदेशी, भाऊ कोकणात, आणि मध्ये मुंबई. या मधल्या स्थानकाची दोन शकले झाली तर तो भार सर्वांत अधिक आपल्याच पाठीवर येणार, हे हैदराबादेत राहून ज्याला दिसत नाही त्याला काय म्हणावे?

आता ते लंडन आणि टोकियो. स्नेह्यांनी ही नावे मंत्रासारखी उच्चारली. मंत्राचा अर्थ पाहण्याची आपल्याकडे चाल नाही. मी तो थोडा पाहिला आहे.

लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक हे दोन मोठे विमानतळ शहराच्या दोन अंगांस. १९७०च्या दशकात वाढती विमाने गॅटविककडे वळविण्याचे सरकारी धोरण ठरले आणि एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी काय केले? १९७८ साली दोहोंच्या मध्ये हेलिकॉप्टरची नियमित सेवा सुरू केली. खालच्या गावांतील रहिवाशांनी तिच्या गोंगाटाविरुद्ध तक्रारींचा पाऊस पाडला, आणि लंडनभोवतीचा एम-२५ हा वर्तुळमार्ग १९८६ साली पुरा झाला त्या वर्षी ती सेवा बंद करण्यात आली. ती शहाणपणाची होती की उधळपट्टी, यावर वाद घालता येईल. परंतु दोन विमानतळ निर्माण केले म्हणजे त्यांच्यामधला प्रवासी ही आपली जबाबदारी होते, एवढे त्या लोकांना कळले होते, आणि पर्यायी रस्ता तयार होईपर्यंत त्यांनी आकाशातून का होईना, एक जोड दिली होती. आपण लंडनकडून विमानतळांची संख्या तेवढी घेतली.

टोकियोची कथा अधिक बोधप्रद आहे. १९७८ सालच्या मे महिन्यात तेथे नारिता विमानतळ उघडला. शेतकऱ्यांच्या दीर्घ आणि रक्तरंजित लढ्याला न जुमानता तो बांधला गेला. उद्घाटनापूर्वी आंदोलकांनी नियंत्रण-मनोऱ्यात घुसून नासधूस केल्यामुळे ते लांबणीवर टाकावे लागले होते. मग वाटणी अशी झाली की, परदेशी विमाने बहुतेक सारी नारितास आणि देशांतर्गत विमाने हानेदास. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर दूर, हानेदा समुद्रकाठी अगदी शहरालगत. कागदावर ही वाटणी फार सुबक दिसते. पण जपानच्या दूरच्या प्रांतातील माणसाला परदेशी जावयाचे असेल तर त्याने हानेदास उतरावे, सामान उचलावे, सारे टोकियो ओलांडून नारितास जावे आणि मग विमान धरावे, असा तिचा अर्थ होता. त्या माणसाने काय केले? त्याने टोकियोचा नाद सोडला. २००१ साली दक्षिण कोरियात इंचॉनचा विमानतळ सुरू झाला, आणि जपानच्या प्रांतोप्रांतीचे प्रवासी आपल्या गावाहून थेट सोलला जाऊन तेथून जगभर जाऊ लागले, कारण तेथे बदल एकाच छपराखाली होता. २००९ साली जपानच्या वाहतूकमंत्र्यांनीच उघडपणे कबूल केले की, जपानचे केंद्र-विमानतळ आज वस्तुतः इंचॉन झाले आहे. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरात हानेदास नवे आंतरराष्ट्रीय भवन उघडले आणि दूर पल्ल्याची परदेशी विमाने पुन्हा तेथून उडू लागली. बत्तीस वर्षांनी टोकियोने आपल्या वाटणीची दुरुस्ती आरंभिली. आपण टोकियोच्या पंक्तीस बसलो खरे, पण ज्या पानावरून टोकियो उठला त्या पानावर बसलो.

स्नेह्यांच्या यादीत नसलेले एक शहर मी स्वतः जोडतो. कॅनडातील माँट्रियल. तेथे १९६९ साली मिराबेल येथे प्रचंड विमानतळ बांधण्याचे ठरले आणि सुमारे ९७,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून घेण्यात आली. एवढी भूमी क्वचितच कोठल्या विमानतळासाठी घेतली गेली असेल. ४ ऑक्टोबर १९७५ रोजी तो उघडला. अमेरिकेखेरीज इतर देशांची विमाने मिराबेलला, आणि देशांतर्गत व अमेरिकेची विमाने जुन्या डोर्व्हालला, असा नियम झाला. दोहोंना जोडणारी जलद आगगाडी पुढे होणार होती. ती झाली नाही. मोठा रस्ता पुरा होणार होता. तोही ठरल्याप्रमाणे झाला नाही. युरोपातून येऊन कॅनडाच्या आतल्या गावी जाणाऱ्यांनी दोन-चार वेळा ही शहरफेरी अनुभविली आणि मग ते टोरांटोस उतरू लागले. टोरांटोच्या उत्कर्षाला इतर कारणेही होती; व्यापार तिकडे सरकत होता आणि लांब पल्ल्याच्या नव्या विमानांना वाटेत माँट्रियलला थांबण्याची गरज उरली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही एकाच शहराचे दोन तुकडे केल्याने ते शहर जोडणीच्या दृष्टीने निकामी झाले, हे शेवटी तेथील कारभाऱ्यांनीच मानले. १९९७ साली परदेशी विमाने डोर्व्हालला परत आणण्यात आली. २००४ च्या ऑक्टोबरअखेर मिराबेलहून शेवटचे प्रवासी विमान उडाले आणि २०१४ साली त्या भव्य भवनाची पाडापाडी सुरू झाली. ज्या पंतप्रधानांच्या राजवटीत मिराबेल उभा राहिला, त्या त्रूदो यांचे नाव शेवटी दिले गेले ते डोर्व्हालला! नियतीलाही विनोद सुचतो.

या तीन शहरांच्या कथांत एक गोष्ट समान आहे. विमानतळ आधी झाला आणि जोड मागाहून होणार होती. आपली मुंबई याला अपवाद नाही. दोन विमानतळांना जोडणारा आठव्या क्रमांकाचा मेट्रोमार्ग नकाशांत आहे; नव्या मुंबईतून पहिले विमान उडाले त्या दिवशी तो नकाशांतच होता. २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झालेली तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो जुन्या विमानतळाच्या दोन्ही भवनांखाली थांबते आणि ती कौतुकास्पद आहे, पण ती खाडी ओलांडत नाही. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू समुद्रावरून शिवडीस नेऊन सोडतो. दक्षिण मुंबईच्या रहिवाशास तो उपकारक आहे, पण सहार तेथून पुन्हा उत्तरेस दूर. तात्पर्य, ज्याला विमानातून विमानात जावयाचे आहे त्याच्या हाती मोटारगाडी आणि नशीब एवढेच आहे.

परदेशात ही शहरफेरी आणखी एका कारणाने जाचक होते, आणि आपल्या लोकांनी ते ध्यानी ठेवण्याजोगे आहे. दोन विमानतळांच्या मध्ये त्या देशाची भूमी असते. एकाच विमानतळावर विमान बदलणारा प्रवासी पुष्कळ देशांत परवान्यावाचून पुढे जाऊ शकतो; पण ज्याला शहरातून जावयाचे आहे तो देशात प्रवेश करीत असतो, आणि भारतीय पारपत्रधारकाला त्यासाठी बहुधा प्रवेशपरवाना लागतो. स्वस्त तिकीट पाहून हर्षलेल्या किती जणांना हे विमानतळावरच्या खिडकीपाशी प्रथमच कळते! तेथून त्यांना उडूच दिले जात नाही.

आता 'प्रवाशाने तिकीट वाचावे' या वचनाकडे येतो. ते ऐकावयास फार चोख वाटते. पण तिकिटावर लिहिलेले काय असते? शहराचे नाव ठळक आणि विमानतळाचा तीन रोमन अक्षरांचा संकेत बारीक. लंडनच्या सर्व विमानतळांना मिळून एक सामायिक संकेत आहे, टोकियोलाही आहे; शोधणाऱ्याने शहर विचारले की यंत्र शहर दाखविते, आणि विमानतळ कोणता ही गोष्ट दुय्यम ठरते. ही पद्धत विकणाऱ्याच्या सोयीची आहे, कारण त्यामुळे अधिक विमाने एका यादीत दिसतात आणि यादीच्या माथ्यावर सर्वांत स्वस्त जोडी झळकते. आपल्या गोव्याचेच पाहा. दाबोळीचा जुना विमानतळ दक्षिणेस, आणि २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेला मोपाचा नवा विमानतळ उत्तर टोकास पेडणे तालुक्यात. रस्त्याने दोहोंत साठेक किलोमीटर. आणि दोघांचे संकेत कोणते? जीओआय आणि जीओएक्स! एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरात अख्खी मांडवी आणि जुवारी सामावलेली. दाबोळीला भाचा घ्यावयास उभा आणि मामा मोपाला उतरले, असे प्रसंग आमच्या ओळखीच्या दोन घरांत घडून गेले आहेत. दोन्ही घरांतील मामा चांगले शिकलेले होते.

दिल्लीकरांनीही निश्चिंत राहू नये. पालमखेरीज गाझियाबादजवळचा हिंडन २०१९ पासून नागरी उड्डाणांस खुला झाला, आणि २०२१ साली जेवर येथे आणखी एकाची पायाभरणी झाली. म्हणजे राजधानीत 'दिल्ली' या एका शब्दाचे तीन अर्थ होण्याची व्यवस्था आहे.

आम्ही हैदराबादकर या बाबतीत अजाणता सुटलो. २००८ च्या मार्चमध्ये शमशाबाद सुरू झाला त्याच वेळी बेगमपेठ प्रवासी वाहतुकीस बंद झाला. बंगळुरासही दोन महिन्यांनी तसेच झाले. बेगमपेठ घरापासून जवळ होता म्हणून आम्ही पुष्कळ कुरकुर केली, निवेदने दिली, मीही एका निवेदनावर सही केली होती. आज ती सही मागे घ्यावीशी वाटते. दूर जावे लागले, पण सारे एकाच ठिकाणी राहिले. मुंबईला जुना विमानतळ बंद करणे शक्य नाही हे मला दिसते. तेव्हा तेथे प्रश्न अधिक बिकट आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर प्रवाशाच्या अडाणीपणात शोधणे अधिक निर्दय आहे.

स्नेह्यांचा शेवटचा आणि खरोखर वजनदार मुद्दा असा होता की, जबाबदारी लादली तर तिकिटे महागतील, आणि गरीब प्रवासी विमानातून पुन्हा आगगाडीत जाईल. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. परंतु चुकलेल्या जोडीची किंमत आजही कोणी तरी देतोच. माझ्या बंधूंनी ती दिली. जी किंमत शेकडो तिकिटांवर वाटली असता प्रत्येकी अल्प झाली असती, ती सध्या एकट्यादुकट्याच्या गळ्यात पडते, आणि तीही ज्याला पहिल्यापासून काटकसर करावी लागत होती त्याच्याच गळ्यात. श्रीमंत माणूस थेट विमानाने जातो. दोन विमानतळांमध्ये अडकतो तो चार पैसे वाचविणारा. गरिबाच्या नावाने चालविलेला हा युक्तिवाद गरिबाच्याच खिशातून चालतो.

मागणे फार नाही. ज्या विकणाऱ्याने दोन तिकिटे एक प्रवास म्हणून एका किंमतीला दाखविली, त्याने तो एक प्रवास म्हणून पार पाडण्याची हमी द्यावी. हमी द्यावयाची नसेल तर त्याने ती एकत्र दाखवू नयेत. बारीक अक्षरांनी जबाबदारी झटकण्याची मुभा नागरी विमानवाहतूक खात्याने काढून घ्यावी. तिकिटावर 'मुंबई' न लिहिता 'सहार', 'सांताक्रूझ', 'नवी मुंबई' असे ठळक आणि आपल्या लिपीत लिहावे. मुंबईच्या दोन्ही विमानतळांचा कारभार एकाच उद्योगसमूहाकडे आहे. तेव्हा एकीकडे उतरलेले सामान त्यांनीच दुसरीकडे पोहोचविणे आणि प्रवाशांसाठी दोहोंमध्ये ठरलेल्या वेळांची गाडी चालविणे, ही गोष्ट त्यांना दुःसाध्य नाही. आणि विमानांची वाटणी करताना एवढे पाहावे की, हैदराबाद, इंदूर, रायपूर अशा ठिकाणांहून येणारी निदान काही उड्डाणे, ज्या विमानतळावरून परदेशी विमाने सुटतात तेथेच उतरतील. मेट्रोमार्ग होईल तेव्हा होवो. लंडनने रस्ता होईपर्यंत हेलिकॉप्टर उडविले होते. आपल्याला साधी बस चालणार आहे.

बंधू आणि वहिनी गेल्या महिन्यात नैरोबीहून परतले. परतीचे विमान सहारला उतरले, आणि पुढचे हैदराबादचे विमान नव्या मुंबईहून होते. ते तिकीटही त्याच वेळी, त्याच आराखड्यात घेतलेले होते. या खेपेस त्यांनी ते सोडून दिले, कुर्ल्यास मावशींकडे मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीने हैदराबादेस आले.